बारावी कॉमर्सनंतर एनर्जी मॅनेजमेंटचं बीबीए: पोरीला पाठवू का?

केळीवाला_यावल

नमस्कार मंडळी. मी यावल तालुक्यातला. साडेतीन एकर केळी आणि गावात पिठाची गिरणी. मोठी मुलगी यंदा बारावी कॉमर्स झाली, गणित घेऊन, 81 टक्के. सीए नको म्हणते, "दिवसभर दुसऱ्याचे आकडे कोण जुळवत बसणार?" गेल्या महिन्यात पुण्याला एका शिक्षण मेळाव्यात गेलो, तिथून एका खासगी विद्यापीठाचं पत्रक घेऊन आली. बीबीए, एनर्जी मॅनेजमेंट. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. तिची मावशी साक्रीकडे दिलेली, दर सुट्टीत तिथल्या पवनचक्क्या बघत मोठी झाली, त्याचंही असेल.

फी आणि होस्टेल धरून तीन वर्षांचे बारा लाखांच्या वर जातात. टेबलावरचे साहेब म्हणाले, पास झाली की एनर्जी ऑडिटर होईल (कारखान्यात ऊर्जा कुठे वाया जाते ते तपासणारा), कारखानेवाले मागे लागतील. तिचा मामा म्हणतो, अमळनेरला बीकॉम कर आणि उरलेल्या पैशात ठिबकच्या नळ्या बदला.

हे शिक्षण धंद्याचं आहे की इंजिनिअरिंगचं? ऑडिटरचं सांगतात ते खरं का? आणि आपल्या जळगाव-धुळ्यात अशा पोरीला काम आहे का?

दीपनगर_बी_शिफ्ट

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. बॉयलर नि टर्बाइन ज्याला कळत नाही तो एनर्जी मॅनेज काय करणार? मी दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात 500 मेगावॉटच्या संचावर नोकरी करतो. इथे बीबीएवाला एकही पाहिला नाही. दहावीच्या मार्कांवर इलेक्ट्रिकल डिप्लोमाला आजही प्रवेश घेता येतो, मग बारावी कॉमर्स असो की काही. सरकारी पॉलिटेक्निकला घाला. बारा लाख वाचले.

बिलवाचक_जळगाव

आप्पा, दीपनगरच्या भाऊंचं अर्धं बरोबर आहे. ते अर्धं आधी सांगतो, कारण तुमचे पैसे तिथेच अडकणार आहेत. ऑडिटरचं जे सांगितलं ते खरं नाही. सर्टिफाइड एनर्जी मॅनेजर आणि एनर्जी ऑडिटर ही परीक्षा बीईईची, म्हणजे 2001 च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली केंद्राने काढलेल्या ब्युरोची. तिला बसायला इंजिनिअरिंगची पदवी किंवा डिप्लोमा लागतो, वर अनुभवाची वर्षं. विज्ञानाच्या काही एमएस्सीवाल्यांना वाट आहे. बीबीएला नाही. त्या साहेबांना म्हणावं, हे लेटरहेडवर लिहून द्या.

आता उरलेलं अर्धं. मी स्वतः बीकॉम. 2009 साली जळगावच्या एमआयडीसीत एका डाळ मिलमध्ये अकाउंटला लागलो. दर महिन्याला विजेचं बिल यायचं, शेठ शेवटचा आकडा बघायचे, एक शिवी द्यायचे, चेक फाडायचे. मी नवा होतो, रिकामा होतो, म्हणून पूर्ण वाचलं. त्यात पॉवर फॅक्टरच्या (घेतलेल्या विजेतली किती खरोखर कामी येते त्याचं प्रमाण) नावाखाली दंड लागत होता. मागची बिलं काढली तर आठ महिने लागतोय. फॅक्टर 0.84 च्या आसपास, आणि त्या वेळी 0.90 च्या खाली गेलं की दंड होता. वायरमनला विचारलं तर तो म्हणाला, "मोटरा एकदम ओके आहेत भो, तू व्हाउचर लिही." हा फॅक्टर सुधारणाऱ्या कपॅसिटरचं पॅनल उघडायला लावलं. दोन डबे फुगलेले, तिसऱ्याचा फ्यूज कुणीतरी काढून दुसरीकडे वापरलेला. दुरुस्तीला एका महिन्याच्या दंडाइतकेही पैसे लागले नाहीत. शेठनी मला पाचशे रुपये आणि पाच किलो तूरडाळ दिली. डाळ संपली, पण शेजारच्या चटईवाल्याने बोलावलं, मग पाइपवाल्याने. आज मी एका सौर कंपनीत कमर्शियल बघतो. मोटर आजही उघडता येत नाही मला.

सांगायचं म्हणजे, वीज तयार करणं इंजिनिअरचं काम. पण ती कुणाला, किती वर्षांसाठी, काय दराने, कुठल्या करारावर द्यायची, आणि बुडाली तर तोटा कुणाचा, हे दुसरंच खातं आहे आणि तिथे कॉमर्सची माणसं लागतात. पॉवर एक्सचेंजवर, म्हणजे विजेच्या बाजारात, दिवसाचे 96 तुकडे करतात, पंधरा-पंधरा मिनिटांचे, आणि प्रत्येक तुकड्याला वेगळा भाव. केळीचा भाव दिवसातून एकदा फळ्यावर लागतो तरी आपली झोप उडते, तर याचा विचार करा. 2022 च्या नियमांनंतर हरित ऊर्जेसाठी 100 किलोवॉटच्या ग्राहकालाही ओपन ॲक्सेस, म्हणजे नेहमीची वीज कंपनी सोडून दुसऱ्याकडून वीज घ्यायची मुभा, मागता येतो. आधी मर्यादा एक मेगावॉटची होती. म्हणजे दूरच्या सौर प्रकल्पाची वीज विकत घ्यायचा हिशेब आता मध्यम कारखानदारही मांडू शकतो. वहन आकार (तारांचं भाडं) किती, अधिभार किती, वीज नियामक आयोगाचा नवा दर आदेश आला तर काय, हे त्याला कोण सांगणार? वायरमन नाही सांगणार.

इथल्या कामाबद्दल खरं सांगतो. ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या असोत की साक्रीतला शिवाजीनगरचा 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प, एकदा उभं राहिलं की जागेवर उरतात टेक्निशियन, पॅनल धुणारे आणि वॉचमन. करार करणारी माणसं पुण्या-मुंबईत बसतात. जळगावात काम आहे ते छोटं आणि चिवट. छतावरच्या सौरचे बँकेचे कागद, पीएम सूर्यघरच्या फायली (तीन किलोवॉट आणि पुढे 78,000 रुपये अनुदान, त्यात अर्ध्या लोकांचं मीटर अजून आजोबांच्या नावावर), कारखान्यांची बिलं. पगार सुरुवातीला हसण्यासारखे.

पत्रकात बघायचं ते एवढंच. तीन वर्षांच्या विषयांत वीज दर, करार, प्रकल्पाचा वित्तपुरवठा, नियामक आयोग हे आहे का? की पहिली दोन वर्षं साधं बीबीए आणि शेवटी "सौरऊर्जा: ओळख"? दुसरं असेल तर ते साध्या डब्यावर चिकटवलेलं नवं लेबल. आणि मागच्या वर्षी इंटर्नशिपला गेलेल्या दोन मुलांशी बोलून घ्या.

माझी पोरगी असती तर मी तिला घरून जाऊन-येऊन साधं बीकॉम किंवा बीबीए करू दिलं असतं (बीबीएची सीईटी होते आता 2024 पासून, तारखा बघा), शनिवारी एखाद्या मिलमध्ये बिलं वाचायला बसवलं असतं, आणि तीन वर्षांनी एवढीच हौस राहिली तर ऊर्जेतलं एमबीए. गांधीनगरला आहे, देहराडूनला आहे. अठराव्या वर्षी एका धंद्याचं नाव पदवीवर कोरून घेऊ नये, असं माझं मत. चुकतही असेन.

धुळ्याची_मी

राम राम आप्पा. मूळची देवपूरची, सध्या ह्यूस्टनला तेल कंपनीत अकाउंट्स बघते. आमच्याकडे या पदवीची माणसं रोज भेटतात म्हणून लिहितेय.

अमेरिकेत ही पदवी जुनी आहे. ओक्लाहोमा विद्यापीठात 1950 च्या दशकापासून आहे, पण तेव्हा नाव होतं पेट्रोलियम लँड मॅनेजमेंट. ती का निघाली हे कळलं की बरंच कळतं. तिथे जमिनीखालचं तेल खासगी मालकीचं असू शकतं, आणि ते जमिनीपासून वेगळं विकताही येतं. शेत एकाचं, तेल भलत्याचंच. विहीर खणायच्या आधी कंपनीला तो मालक शोधून त्याच्याशी भाडेकरार करावा लागतो, आणि निघालेल्या तेलात त्याचा हिस्सा ठरवावा लागतो. जुना दर आठवा हिस्सा. हे करणारा तो लँडमन. काउंटीच्या कचेरीत बसून शंभर वर्षांचे दस्त चाळतो. आपल्याकडे सातबारा, फेरफार, वारसनोंद काढत फिरणारा माणूस असतो ना, तसाच, फक्त त्याला पदवी आहे आणि पगार बरा.

भारतात जमिनीखालचं तेल सरकारचं, त्यामुळे हे काम तसंच्या तसं तिकडे नाही. पत्रकात अमेरिकी विषय जसेच्या तसे उतरवलेले दिसले तर सावध राहा. पण सौरला जमीन लागतेच. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीच्या (शेतीपंपांना सौर वीज द्यायची सरकारी योजना) दुसऱ्या टप्प्यात हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाचं भाडं आहे, दरवर्षी तीन टक्के वाढ. आता आपल्याकडचा एक हेक्टर म्हणजे सात वारस, त्यातले दोन सुरतला, एक बहीण हक्कसोड पत्रावर सही करत नाहीये. हे सोडवणं हाही धंदाच. आणि हे नीट झालं नाही तर काय होतं ते आम्हा धुळेकरांना सांगायला नको. प्रकल्पात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी विखरणच्या धर्मा पाटलांनी 2018 मध्ये मंत्रालयात विष घेतलं. वय चौऱ्याऐंशी. तुमच्या मुलीला आकडे जुळवायचा कंटाळा असेल आणि माणसांशी बोलायला आवडत असेल, तर बिलवाचक दादांच्या कामापेक्षा हे बघा. बीबीएनंतर जमीन कायद्याचा एखादा कोर्स किंवा सरळ एलएलबी.

केळीवाला_यावल

सगळ्यांचे आभार. हा धागा मुलीलाच वाचायला दिला. ती दीपनगरच्या भाऊंना सांगते, डिप्लोमा नको, "मला बी शिफ्ट नको". विद्यापीठाला फोन लावून दिला. ऑडिटरचं लिहून द्या म्हटल्यावर ते म्हणाले, कळवतो. चार दिवस झाले.

त्या चार दिवसांत ती आमच्या गिरणीचं बिल काढून बसली. मला विचारते, पप्पा, मंजूर भार 15 अश्वशक्ती का? मोटर तर साडेसातची आहे. मला आठवेना. मग आईने सांगितलं, मसाल्याची चक्की होती, ती वडिलांनी 1998 ला विकली. दादा, हा भार कमी करून घेतला तर बिल उतरेल का?

बिलवाचक_जळगाव

नाही उतरणार आप्पा. औद्योगिक दरात 20 किलोवॉटच्या आत स्थिर आकार जोडणीमागे ठरलेला असतो, 15 अश्वशक्ती असो की साडेसात. पण तिला त्याच बिलावर दर संकेत बघायला सांगा, उद्योगाचा आहे की दुकानाचा. गिरणी उद्योगात मोडते. दुकानाचा निघाला तर मागच्या बिलांची फाइल घेऊन मंगळवारी जळगावला या, दोघंही. सकाळी अकराच्या आत. नंतर मी साइटवर असतो.