उरी गेलर १९७३ साली पकडले गेले, की केवळ निष्प्रभ ठरले?

धागा

१ ऑगस्ट १९७३ रोजी मनाच्या शक्तीने चमचे वाकवण्याचा दावा करणारे इस्रायलचे उरी गेलर अमेरिकेतील जॉनी कार्सन यांच्या ‘टुनाइट शो’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात आले आणि वीस मिनिटांहून अधिक काळ त्यांना काहीही करून दाखवता आले नाही. अतींद्रिय शक्तीचा विषय निघाला की हा प्रसंग ‘गेलर यांना दूरचित्रवाणीवर रंगेहाथ पकडले’ अशा शब्दांत सांगितला जातो. हे वर्णन चुकीचे आहे असे माझे मत आहे, आणि गेलर यांच्याकडे कोणतीही अलौकिक शक्ती नाही याबद्दल मला शंका नसतानाही मी ते मांडतो आहे.

त्या दिवशी घडले ते असे. कार्सन स्वतः तरुणपणी जादूचे प्रयोग करीत असत, त्यामुळे हातचलाखीला वाव कोठे मिळतो हे त्यांना माहीत होते. कार्यक्रमाच्या मंडळींनी जादूगार जेम्स रँडी यांचा सल्ला घेतला. चमचे व इतर वस्तू तुमच्या तुम्ही आणा आणि कार्यक्रमापूर्वी गेलर किंवा त्यांच्या सोबतची माणसे या वस्तूंच्या जवळपासही येऊ देऊ नका, एवढाच तो सल्ला होता. टेबलावर चमचे मांडलेले होते, शिवाय धातूचे झाकणबंद डबे होते, ज्यांतील पाणी भरलेला डबा न उघडता ओळखायचा होता. गेलर यांनी आज आपल्याला पुरेसा जोर वाटत नाही असे सांगितले आणि वेळ संपली.

यात पकडले गेले काय? आधीच वाकवून ठेवलेला चमचा कोणाला सापडला नाही, बोटाखालचे लोहचुंबक दिसले नाही, युक्ती उघडी पडली नाही. युक्ती करण्याची संधीच मिळाली नाही, असे फार तर म्हणता येईल. ‘पकडले’ हा शब्द वापरून आपण श्रद्धाळू माणसाला ते चित्रण पाहायला सांगतो, तो ते शेवटपर्यंत पाहतो, त्यात पकडल्याचा क्षण त्याला कोठेच आढळत नाही, आणि मग आपण सांगितलेल्या इतर खऱ्या गोष्टींवरूनही त्याचा विश्वास उडतो. हे नुकसान मला फार मोठे वाटते.

प्रतिसाद १

आपला काटेकोरपणा मला मान्य आहे, परंतु निष्कर्ष मान्य नाही. एखाद्या दुकानदाराचा तराजू स्वतःच्या वजनांनी नेहमी बरोबर माप दाखवतो आणि गिऱ्हाइकाने आणलेली वजने ठेवली की दाखवत नाही, तर दांडीखाली चिकटवलेले शिसे प्रत्यक्ष सापडेपर्यंत आपण त्याला केवळ ‘आज तराजू चालला नाही’ असे म्हणत बसतो काय? दावा गेलर यांचा होता, तेव्हा तो सिद्ध करण्याची जबाबदारीही त्यांचीच होती. वस्तूंवरचा ताबा गेला त्याच दिवशी शक्तीही गेली, हा योगायोग मानण्याइतकी उदारता मला दाखवता येत नाही.

शिवाय आपण १९७३ वरच थांबलात. २००७ साली इस्रायलमधील कार्यक्रमात त्यांनी होकायंत्राची सुई हलवली. त्याचे चित्रण सावकाश पाहिल्यावर, सुई हलण्याच्या किंचित आधी त्यांनी अंगठ्यावर काहीतरी चढवले, असा आक्षेप अनेकांनी घेतला. ते चुंबक होते हे त्यांनी मान्य केलेले नाही, तरी ‘पकडले’ या शब्दाची चर्चा करायची तर ती या चित्रणापासून सुरू व्हायला हवी होती.

प्रतिसाद २

मी या दोन्ही मतांच्या विरुद्ध बाजूने लिहिते आहे. गायकाचा आवाज रोज सारखा लागत नाही, मग मनाच्या शक्तीने मात्र विजेच्या दिव्यासारखे कळ दाबताच लागावे हा आग्रह कशासाठी? जादूगार असता तर त्याचा प्रयोग फसला नसता, कारण जादू दररोज ठरल्या वेळी होते. गेलर यांचे अपयशच त्यांच्या खरेपणाची साक्ष देते. आणि दूरचित्रवाणी बाजूला ठेवली तरी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत रसेल टार्ग व हॅरल्ड पुटॉफ या भौतिकशास्त्रज्ञांनी त्यांच्यावर प्रयोग केले आणि ते १९७४ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आले. ‘नेचर’ हे काही गल्लीतले मासिक नव्हे.

धागालेखकाचे उत्तर

प्रतिसाद २ साठी आधी लिहितो. ‘नेचर’मधील लेख मुख्यतः लपवलेली चित्रे ओळखण्याविषयी होता, आणि परीक्षकांनी घेतलेले आक्षेप संपादकांनी त्याच अंकात सविस्तर नोंदवले होते. धातू वाकवण्याबद्दल तर लेखकांनीच लिहिले की, अलौकिक कारणाला आधार देण्याइतके नियंत्रित प्रयोग आपल्याला करता आलेले नाहीत. ज्या चमच्यांसाठी गेलर जगभर ओळखले जातात, त्या चमच्यांचे प्रमाणपत्र त्या लेखात नाही.

अपयश हाच खरेपणाचा पुरावा, हे आपले म्हणणे मात्र मी गंभीरपणे घेतो, कारण त्या रात्रीनंतर अनेक प्रेक्षकांनी नेमका हाच विचार केला. कार्सन यांच्याकडील फजितीने त्यांची मागणी घटली नाही. लगेच दुसऱ्या एका लोकप्रिय कार्यक्रमाचे निमंत्रण त्यांना मिळाले. परंतु यश आले तर शक्ती आणि अपयश आले तरी शक्ती, असे असेल तर कोणत्या निकालाने आपले मत बदलेल, हे आपण सांगावे अशी माझी मनापासून विनंती आहे.

प्रतिसाद १ ला एवढेच सांगतो की आपले तराजूचे उदाहरण संशयाला पुरेसे आहे, चोरीच्या आरोपाला नाही. जेम्स हायड्रिक यांचा प्रसंग आठवा. १९८१ साली फुंकरीविना टेलिफोन डायरेक्टरीचे पान उलटवून दाखवण्याचा त्यांचा दावा होता. रँडी यांनी पुस्तकाभोवती थर्माकोलचे हलके कण पसरले आणि पान हलेना. फुंकर मारली असती तर कण उडाले असते. तेथे परीक्षेने नेमक्या युक्तीवर बोट ठेवले होते, आणि हायड्रिक यांनी पुढे आपली लबाडी कबूलही केली. १९७३ च्या प्रसंगात यातले काहीच नाही.

प्रतिसाद ३

थोडे घड्याळांविषयी. गेलर पडद्यावरून सांगत आणि घरोघरची बंद घड्याळे चालू होत, असे प्रेक्षक कळवीत असत. माझ्या वडिलांचे किल्लीचे घड्याळ कित्येक वर्षे कपाटात बंद पडून होते; तळहातात काही मिनिटे धरल्यावर ते टिकटिकू लागले, कारण हाताच्या उबेने आतले घट्ट झालेले तेल सैल होते. तेव्हा टीव्हीदेखील चालू नव्हता.

‘पकडले’ की ‘निष्प्रभ ठरले’ या वादात मी धागालेखकाच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण पुण्यातले आहे. २००८ साली जयंत नारळीकर यांनी नरेंद्र दाभोलकर यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या साहाय्याने ज्योतिषाची चाचणी घेतली. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या कुंडल्या होत्या, २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० कुंडल्या तपासून मूल कोणत्या गटातले ते सांगितले आणि बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण ४६ टक्के आले. तेथे कोणाला ‘पकडले’ असे कोणी म्हटले नाही आणि कोणाच्या हेतूवर शंका घेतली नाही. नाणे उडवूनही एवढीच उत्तरे बरोबर आली असती, इतकेच मांडले गेले. गेलर यांच्याविषयीही ‘सामान त्यांचे नव्हते तेव्हा काहीही घडले नाही’ हे वाक्य मी वापरीन, कारण त्यातला प्रत्येक शब्द चित्रणात दाखवता येतो.

प्रतिसाद १ (पुन्हा)

१९७३ पुरते आपले वाक्य मी स्वीकारतो. २००७ च्या अंगठ्याविषयीचा माझा प्रश्न मात्र तसाच आहे, आणि धागालेखकांनी अजून त्याला हात लावलेला नाही.