विंगटिपच्या (पंखाच्या टोकाच्या) गोलाईवर कव्हरिंगला चुण्या पडतात, उपाय काय?

प्रश्न (जुळे सोलापूर)
सर्वांना नमस्कार. मी बाल्साचे (वजनाला हलक्या लाकडाचे) दीड मीटर पंखविस्ताराचे शिकाऊ मॉडेल विमान बांधले असून सध्या त्यावर उष्णतेने आक्रसणारी पॉलिस्टर फिल्म चढवत आहे. पंखाचा सपाट भाग आणि पुढची गोल कड चांगली साधली, परंतु टोकाच्या गोलाईवर फिल्मला चुण्या पडतात. उष्णता वाढवली की त्या जातील, या समजुतीने मी एका टोकावर बराच वेळ इस्त्री धरली. तेव्हा चुणी तशीच चिकटून बसली आणि तिच्या शेजारी भोक पडले. रोल बाहेरगावाहून मागवलेला आहे आणि आता थोडाच उरला आहे. दुसऱ्या टोकाला हात लावण्यापूर्वी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (होटगी रस्ता)
पुढची कड साधली आणि टोक साधले नाही, यातच कारण दडलेले आहे. गोल डब्यावर कागद चुणीशिवाय बसतो, कारण डबा एकाच दिशेने वळलेला असतो. तोच कागद नारळाला गुंडाळला तर कडेला चुण्या पडणारच. विंगटिप नारळासारखी दोन्ही दिशांनी वळते. तेथे फिल्म मध्ये ताणली जावी लागते आणि कडेला आक्रसावी लागते. आक्रसण्याचे काम उष्णता करते. ताणण्याचे काम मात्र हातालाच करावे लागते.

त्यामुळे फिल्म मापात कापू नका, टोकाबाहेर चार बोटे जादा ठेवा, म्हणजे ती मुठीत धरता येईल. सपाट भागाच्या कडा आधी चिकटवून घ्या, पण शेवटच्या फासळीपुढे (फासळी म्हणजे पंखाला आकार देणारी लाकडी पट्टी) फिल्म मोकळी असू द्या. घरातल्या कोणाला तरी हीट गन (गरम हवेचा झोत सोडणारे यंत्र) धरायला सांगा आणि तुम्ही सुती हातमोजे घालून फिल्म ओढून धरा. ताठ असलेली फिल्म गरम होताच हातात एकदम सैल पडल्यासारखी लागते. नेमक्या त्याच वेळी ती बाहेर व किंचित खाली ओढा आणि ताण न सोडता इस्त्रीच्या टोकाने कडेला टेकवा. पहिला टेका टोकाच्या मध्यावर द्या, मग एक पुढे, एक मागे, असे आलटून पालटून जा. दोन टेक्यांमध्ये चुणी उरली तर तिच्या मधोमध आणखी एक टेका द्या, म्हणजे एका मोठ्या चुणीच्या दोन लहान चुण्या होतात आणि लहान चुणी आक्रसून जिरते. एखादी चुणी चिकटलीच, तर ती दाबत बसू नका. फिल्मच्या मागचा गोंद पुन्हा गरम करा, फिल्म उचला आणि नव्याने ओढा.

खालची बाजू आधी करावी आणि वरची फिल्म तिच्यावर पाच-सहा मिलिमीटर चढवावी, म्हणजे जोड वरून दिसत नाही.

उत्तर (सात रस्ता)
वरील पद्धतीशी मी पूर्ण सहमत आहे; फक्त तापमानाविषयी लिहितो. अशा बहुतेक फिल्मचा गोंद साधारण १०० ते १२० अंश सेल्सिअसला धरतो, तर पुरेपूर आक्रसण्यासाठी १५० अंशांच्या आसपास जावे लागते. तरीही आपल्या रोलसोबतचे पत्रक आधी पाहावे. घरच्या कपड्यांच्या इस्त्रीचे तापमान बरेच वरखाली होते, त्यामुळे दर वेळी बाल्साच्या तुकड्यावर आधी चाचणी घ्यावी. इस्त्रीच्या तळाला जुन्या सुती धोतराचा मऊ तुकडा बांधावा. सोलापूरचा टॉवेल हाताशी असला तरी येथे तो वापरू नये, कारण त्याच्या फाशांचे ठसे फिल्मवर उमटतात. लाकूडही ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून धूळ संपूर्ण पुसलेले हवे; धुळीवर गोंद धरत नाही.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. दुसरे टोक काल रात्री केले आणि एकही चुणी राहिली नाही; फिल्म सैल पडण्याची ती वेळ हाताला खरोखर कळते. पहिल्या टोकावरची फिल्म शेवटच्या फासळीपर्यंत काढून नवीन लावणार आहे. आता फक्त मधल्या, बाल्साच्या पातळ फळीने मढवलेल्या भागावर दोन फुगे आले आहेत.

उत्तर (होटगी रस्ता)
ते अडकलेल्या हवेचे आहेत. बारीक टाचणीने एक छिद्र पाडा आणि कडेकडून छिद्राकडे इस्त्री फिरवत हवा बाहेर काढा. त्यानंतर पंख टेबलावर ठेवून पीळ पडला आहे का ते तपासा, कारण वरची व खालची फिल्म सारखी आक्रसली नाही तर पंख पिळतो. पीळ असेल तर पंख उलट दिशेने किंचित जास्त पिळून धरा, दोन्ही बाजूंची फिल्म पुन्हा गरम करा आणि थंड होईपर्यंत सोडू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीपलीकडे जातो, तेव्हा विमान बंद गाडीत ठेवू नका. विशेषतः गडद रंगाची फिल्म फार तापते आणि तिच्या जोडांचा गोंद सरकतो.