काट्याचं पॅकेज एफएचएस ३.० वर (लिनक्समध्ये कुठली फाइल कुठे ठेवायची याचं मानक) न्यायचंय, /व्हार/रनचं काय करू?

सावदेकर:
सावद्याला केळीच्या काट्यावर माझा छोटा प्रोग्राम चालतो. सिरियल पोर्टवरून वजन वाचतो, पावती छापतो. डेबियन लिनक्स ६ वर दहा वर्षं बिनबोभाट चालला. मागच्या महिन्यात नवं मशीन आलं, त्यावर डेबियन १२ टाकलं, पॅकेज चढवलं, पावती निघाली, मी घरी. रात्री लाईट गेली. सकाळी सहाला फोन: "भाऊ, काटा बंद पडेल आहे!" दारात चार ट्रक उभे, आणि केळी काय कोणाची वाट पाहते?

पॅकेज चढवताना चालणारी पोस्टइन्स्ट स्क्रिप्ट /व्हार/रन/काटा हे फोल्डर बनवते, प्रोग्राम त्यात पीआयडी (चालू प्रोग्रामचा नंबर) लिहितो. रीबूटनंतर फोल्डरच गायब. हातानं बनवून वेळ मारून नेली. आमची पॅकेजची नियमावली अजून २००४ च्या एफएचएस २.३ वर आहे. ३.० करतोय. नुसता आकडा बदलून भागेल?

तापीकाठ:
नाही भो. २०१५ च्या ३.० मध्ये /रन आलं. डेबियनवर ते रॅममध्ये असतं, म्हणजे रीबूटला पुसलं जातं, आणि /व्हार/रन म्हणजे तिकडे नेणारी नुसती सिमलिंक. तसं बूटला /व्हार/रनमधल्या फाइली साफ करा, हे २.३ मध्येही होतंच. पण तुझ्या जुन्या मशीनवर फोल्डर डिस्कवर टिकायचं, म्हणून इतकी वर्षं खपून गेलं. पोस्टइन्स्टमधली ती ओळ काढ. सर्व्हिस फाइलमध्ये 'रनटाइमडिरेक्टरी=काटा' लिही. सर्व्हिस सुरू होताना सिस्टमडी (सर्व्हिसेस सुरू-बंद करणारा प्रोग्राम) फोल्डर बनवेल, मालकीही सर्व्हिसच्या युजरची. आणि नियमावलीत ठळक लिही: पॅकेजमधून /रनखाली एकही फाइल यायची नाही.

भुसावळ_यार्ड:
डेबियन पॉलिसीनं (डेबियनची स्वतःची पॅकेज-नियमावली) २.३ वरून ३.० वर उडी मारली ती २०१८ ला, ४.१.५ मध्ये. ती आधी वाच. ३.० आलं म्हणून पोर्ट वाचणारा मदतनीस प्रोग्राम /यूएसआर/लिबमधून उचलून /यूएसआर/लिबएक्झेकमध्ये टाकायची घाई करू नको. मुभा आहे, सक्ती नाही. पावत्या कुठे ठेवतोस?

सावदेकर:
/व्हार/लिब/काटा. तेवढी अक्कल होती.
रनटाइमडिरेक्टरीची ओळ लिहिली, मेन स्विच तीनदा पाडून पाहिला, तिन्ही वेळा काटा आपोआप उठला. मालक खूश: "म्हणजे आता लाईट गेली तरी चालीन ना?" म्हटलं, शेठ, आल्यावर चालीन.