मालिकांतले ख्रिस्ती आणि शेजारचे ख्रिस्ती

मालिकांमध्ये ख्रिस्ती पात्र म्हणजे गळ्यात क्रॉस आणि तोंडी मोडके मराठी, ही नेहमीची तक्रार मला पूर्णपणे मान्य आहे. पण माझा आक्षेप त्याहून पुढचा, श्रद्धेच्या चित्रणाबद्दलचा आहे. कथेतले गुपित फोडायचे असले की पात्राला कन्फेशनच्या, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली देण्याच्या, जाळीपुढे बसवतात आणि नेमके कोणीतरी ते आडून ऐकते. वास्तविक तिथे कानी पडलेले कोणालाही न सांगण्याचे अत्यंत कडक बंधन कॅथलिक धर्मगुरूवर असते, आणि १९७० मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियासारख्या प्रोटेस्टंट परंपरेत तशी जाळीची खोली सहसा नसतेच. तिथले पाळक, म्हणजे धर्मगुरू, संसारीही असतात.

आमच्या नाशिकात शरणपूरची ख्रिस्ती वस्ती एकोणिसाव्या शतकातली आहे आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांचे माहेर जवळच्याच जलालपूरचे. डोईवर पदर घेतलेल्या बायका पेटी-तबल्याच्या साथीने लक्ष्मीबाईंचे पती, कवी रेव्हरंड टिळकांची भजने म्हणत आहेत, असे दृश्य मराठी मालिकेत मी अजून पाहिलेले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. पटकथा लिहिणाऱ्यांनी एखाद्या रविवारी मराठी उपासनेला शेवटपर्यंत बसावे आणि नंतर अंगणात कांद्याच्या भावावर नि मुलांच्या परीक्षांवर चाललेल्या गप्पाही ऐकाव्यात.