मदत हवी आहे: शर्ली जॅक्सनच्या 'द लॉटरी'मधल्या टेसीबद्दल

एमएच्या सेमिनारसाठी 'द लॉटरी' (१९४८) या कथेवर लिहितेय, ज्यात गाव दरवर्षी चिठ्ठ्या काढून आधी एक घर आणि मग त्या घरातलं एक माणूस निवडतं आणि त्याला दगडांनी मारतं. चिठ्ठ्यांच्या काळ्या पेटीचं प्रतीक लिहून झालंय, गाव अर्धे विधी विसरलंय पण दगड मारायचं मात्र पक्कं लक्षात आहे हा उपरोधही मांडून झालाय. अडलंय ते टेसी हचिन्सनवर. ती उशिरा येते, हसतखेळत गर्दीत शिरते आणि चिठ्ठी नवऱ्याला लागल्यावरच तिला हे सगळं अन्यायाचं वाटायला लागतं, वर लग्न झालेल्या मुलीलाही आमच्यात धरा म्हणते, म्हणजे स्वतःचा धोका कमी व्हावा म्हणून पोटच्या पोरीला पुढे करते! वाचताना अंगावर काटा आला. पण मुलींची चिठ्ठी सासरकडून, घराच्या वतीने शक्यतो पुरुषच काढणार, असले नियम बघता तिला नुसतं स्वार्थी म्हणणंही पटत नाही.

मूळ इंग्रजी कथा वाचलीय, त्यामुळे सारांश किंवा गाइडच्या लिंक नकोत. महायुद्धानंतरची अमेरिका प्रस्तावनेत घेतलीय, मॅडमना कथेतलेच दाखले हवेत.

तर लेखिकेची टीका टेसीवर जास्त आहे की तिला तसं घडवणाऱ्या गावावर? आणि शेवटी टेसीच्याच छोट्या मुलाच्या, डेव्हीच्या हातात खडे देतात तो प्रसंग यात कोणत्या बाजूने वापरू?