सोसायटीने थकीत देखभाल शुल्कासाठी वसुलीचा अर्ज दाखल केला आहे. म्हणणे काय मांडावे?

प्रश्नकर्ता (सिडको, छत्रपती संभाजीनगर)

आमच्या नोंदणीकृत गृहनिर्माण संस्थेत माझ्या नावावर एक सदनिका आहे. मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो. गेल्या 40 महिन्यांपैकी पहिले 16 महिने तेथे माझा धाकटा सख्खा भाऊ राहत होता आणि त्यानंतर सदनिका कुलूपबंद आहे. भावाकडून भाडे घेतलेले नसतानाही संस्थेने दरमहा 300 रुपये बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलची आकारणी) लावले. या रागात मी संपूर्ण देयकच भरणे थांबवले. आता उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयातून नोटीस आली असून पुढील महिन्यात सुनावणी आहे. मागणी अशी आहे: मासिक 1,500 रुपयांप्रमाणे 60,000, व्याज 25,851, बिनभोगवटा शुल्क 12,000 आणि दोन उन्हाळ्यांतील टँकरचा हिस्सा 14,000, म्हणजे एकूण 1,11,851 रुपये. ज्या घरात दोन वर्षे नळ उघडला गेला नाही, त्याने टँकरचे पैसे का द्यावेत, हे मला पटत नाही. सुनावणीला न जाता थेट सहकार न्यायालयात दावा लावावा काय?

माजी सचिव (लातूर)

सुनावणी चुकवू नका, हे पहिले सांगतो. तुम्ही गैरहजर राहिलात तर संस्थेचा खातेउताराच खरा मानून वसुली दाखला, म्हणजे रक्कम सक्तीने वसूल करण्याचा उपनिबंधकांचा आदेश, निघेल. स्वतः येणे शक्य नसेल तर भावाला अधिकारपत्र द्या, पण लेखी म्हणणे दाखल झालेच पाहिजे.

तुमचे व्याज मी कागदावर मांडून पाहिले. आदर्श उपविधींनुसार (संस्थांच्या कारभाराच्या नमुना नियमावलीनुसार) थकबाकीवर सरळ व्याज लागते आणि त्याचा दर सर्वसाधारण सभा ठरवते, मात्र तो द.सा.द.शे. 21 पेक्षा अधिक असू शकत नाही. 1,500 रुपयांवर 21 टक्क्यांनी महिन्याचे व्याज 26.25 रुपये होते. प्रत्येक देयक जितके महिने थकले तितके महिने ते धरले, तर 40 महिन्यांअखेर बेरीज 20,475 रुपये येते. 25,851 हा आकडा दरमहा व्याज मुद्दलात मिळवल्याशिवाय येत नाही, म्हणजे 5,376 रुपये चक्रवाढीचे आहेत. (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये हा पर्याय चुकून निवडलेला असतो, आमच्याकडेही लेखापरीक्षकांनी दाखवेपर्यंत कोणाच्या लक्षात आले नव्हते.) सभेने 21 पेक्षा कमी दर ठरवला असेल तर फरक आणखी वाढेल, म्हणून त्या ठरावाची प्रत मागा.

वकील (नांदेड)

आपली संस्था सहकारी आहे, असे गृहीत धरून लिहितो. मराठवाड्यातील अनेक इमारती 1970 च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली घोषित झालेल्या असतात आणि बोलताना आपण त्यांनाही सोसायटीच म्हणतो. तसे असेल तर पुढील विवेचन जसेच्या तसे लागू होणार नाही.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 मध्ये 2019 साली गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आले आणि थकबाकीची वसुली त्यातील कलम 154 ब-29 खाली होते. यापूर्वी ती कलम 101 खाली होत असे, आणि कार्यालयांत आजही ‘एकशे एकचा दाखला’ असेच म्हणतात. दाखला निघाला की रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते, आणि वसुली अधिकारी नियम 107 नुसार जप्तीपर्यंत जाऊ शकतो. दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज (वरिष्ठांकडे फेरतपासणीचा अर्ज) दोन महिन्यांत करता येतो, परंतु त्यासाठी दाखल्यातील निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आपल्या बाबतीत ती सुमारे 56,000 रुपये होईल. म्हणूनच जे सांगायचे ते आत्ता, दाखला निघण्यापूर्वी सांगणे स्वस्त पडते. कलम 91 खाली सहकार न्यायालयात दाद मागता येते, मात्र केवळ दावा दाखल केल्याने ही कार्यवाही थांबत नाही.

बिनभोगवटा शुल्काबाबत आपली बाजू भक्कम आहे. 2001 च्या शासन आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा अधिक आकारता येत नाही, तेही सदनिका भाड्याने दिलेली असताना. सख्खा भाऊ राहत असल्यास किंवा घर कुलूपबंद असल्यास ते लागत नाही. भावाचा त्या काळातील पत्ता दाखवणारी कागदपत्रे जोडावीत.

कोषाध्यक्ष (बीड बायपास)

टँकरबाबत मात्र मी संस्थेच्या बाजूने बोलणार आहे. पाणीखर्चाची वाटणी उपविधींनुसार सदनिकेतील नळजोडांची संख्या व आकार यांवर होते, घरात किती माणसे राहतात यावर नव्हे. तुमच्या इमारतीतील सर्व सदनिका सारख्याच असतील तर हिस्साही सारखाच येईल, मग कुलूप असो वा नसो. पैठणचे धरण भरलेले असूनही उन्हाळ्यात आमच्या टाकीत टँकरच रिकामा होतो आणि टँकरवाला रोख पैसे मोजून घेतल्याशिवाय पाइप जोडत नाही. तुमच्यासारख्या दोघातिघांनी देयक थांबवले की ती रक्कम आम्ही पदरची घालतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. तुमच्या हिशेबाप्रमाणे खरा वाद 12,000 आणि 5,376 मिळून 17,376 रुपयांचा आहे, आणि त्यासाठी मी 94,475 रुपये अडवून बसलो होतो. ही 94,475 ची रक्कम उद्या ‘हरकत राखून’ असे पत्र देऊन धनादेशाने भरतो व त्याची पोच लेखी म्हणण्यासोबत जोडतो. सभेच्या ठरावाची आणि टँकरच्या पावत्यांची प्रतही मागितली आहे. सुनावणीला भाऊ जाणार आहे, कारण त्या घरात कोण राहत होते हे त्याच्याहून चांगले कोण सांगणार?