मदत हवी आहे: बंद कप्प्यातला कॉम्प्युटरचा टॉवर तापतोय, आवाज न वाढवता थंड कसा ठेवू?

नमस्कार मंडळी,

मी लहान मुलांसाठी गोष्टी वाचून रेकॉर्ड करते आणि ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्रं हलवून त्यांचे व्हिडिओ बनवते. दोन महिन्यांपूर्वी टॉवर जोडून घेतला. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, त्याच्याबरोबर आलेलाच कूलर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड. कॅबिनेटला १२० मिमीचे तीन पंखे आहेत, दोन पुढे आणि एक मागे.

माइकमध्ये घरघर येऊ नये म्हणून टॉवर टेबलाखालच्या दार असलेल्या कप्प्यात ठेवलाय. मागे वायरी जातील एवढंच भोक, बाजूंना जेमतेम दोन बोटं जागा. रेंडर (म्हणजे कॉम्प्युटरकडून व्हिडिओची अंतिम चित्रं तयार करून घेणं) लावला की पंधरा मिनिटांत प्रोसेसर ९० अंशांना टेकतो आणि कामाचा वेग पडतो. ज्या आवाजासाठी हा सगळा खटाटोप केला, तो तर दाराआडूनही ऐकू येतो. रेंडर चालू असताना पुढची गोष्ट रेकॉर्ड करताच येत नाही.

प्रोसेसरला पाण्याने थंड करणारा वॉटर कूलर लावावा का? टॉवर बाहेर काढला तर आवाज आणखी वाढेल, ही मोठी भीती आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

ताई, वॉटर कूलरचा विचार तूर्त बाजूला ठेवा. तो प्रोसेसरची उष्णता रेडिएटरपर्यंत नेतो आणि तिथून पंख्याने बाहेर सोडतो. तुमच्याकडे ‘बाहेर’ म्हणजे तोच बंद कप्पा. पूर्ण भारावर हा प्रोसेसर ७६ वॅटपर्यंत आणि कार्ड १७० वॅटपर्यंत वीज घेतं, आणि ती सगळी शेवटी उष्णताच होते. म्हणजे त्या कप्प्यात सुमारे अडीचशे वॅटचा हीटर लावून तुम्ही दार लावून घेताय. मागच्या पंख्याने फेकलेली गरम हवा पुढचे पंखे पुन्हा आत ओढतात. या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९० अंश आहे, ती गाठली की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. त्यामुळे तो बिघडलाय असं समजू नका.

आवाजाचंही मूळ इथेच आहे. गार हवा मिळत नाही म्हणून पंखे जिवाच्या आकांताने फिरतात. मोकळ्या हवेत हाच टॉवर बहुतेक शांत होईल. एकच फाइल तीन प्रकारे, प्रत्येक वेळी अर्धा तास रेंडर करून बघा: कप्प्याचं दार उघडं ठेवून, मग टॉवर पूर्ण बाहेर काढून, आणि शेवटी बाहेरच, पण कॅबिनेटची बाजूची पट्टी (पॅनल) काढून. तापमान एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये दिसेल. खोलीचं तापमानही लिहून ठेवा, नाहीतर सकाळ-दुपारच्या आकड्यांची तुलना फसवी ठरते. पट्टी काढल्यावर मोठा फरक पडला, तर कॅबिनेटमध्येच हवा नीट येत-जात नाही असं समजा.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. एक भर घालतो: तुमच्या पॉवर सप्लायचा पंखा खालच्या बाजूला असेल, तर टॉवर गालिच्यावर ठेवू नका, त्याचा श्वासच कोंडतो. थेट जमिनीवर धूळही जास्त जाते. चार बोटं उंचीचा पाट किंवा स्टँड पुरतो. धूळ ब्लोअरने काढताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, वाऱ्याने भरधाव फिरलं तर बेअरिंग खराब होऊ शकतं.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. काल पूर्ण दुपार यातच गेली. खोली २९ अंशांवर होती. दार उघडं ठेवून ८६, बाहेर काढून ८१, आणि पट्टी काढल्यावर एकदम ७२! म्हणजे कॅबिनेटमध्येही काहीतरी अडलेलं आहे ना?

प्रतिसाद १

हो, नऊ अंश खूप झाले. टिश्यू पेपरचा तुकडा पुढच्या जाळीसमोर धरा, दोन्ही पंख्यांपाशी वेगवेगळा. तो जाळीला चिकटला पाहिजे. मागच्या पंख्यापाशी मात्र बाहेर उडायला हवा.

धागाकर्ती

सापडलं! पुढचा खालचा पंखा उलटा बसवलेला होता, कागद बाहेर ढकलत होता. म्हणजे वरच्या पंख्याने ओढलेली हवा हा लगेच बाहेर काढत होता. जोडून देणाऱ्यांकडून राहून गेलं असावं. वीज बंद करून चार स्क्रू काढले आणि पंखा फिरवला. ज्या बाजूला मधल्या चकतीला धरणाऱ्या दांड्या असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते, हे आता कायमचं लक्षात राहील.

आता टॉवर टेबलाशेजारी पाटावर आहे. मागे वीतभर जागा सोडली आहे. पट्टी लावून अर्धा तास रेंडर केला, ७४ च्या वर गेला नाही, आणि आवाज कप्प्यात होता त्यापेक्षा कमी आहे. माझा माइक कार्डिऑइड आहे, मागच्या बाजूचं फार कमी ऐकतो, म्हणून त्याची पाठ टॉवरकडे केली. खूप बरं वाटतंय.

फक्त एक उरलंय. रेंडर नसताना ग्राफिक्स कार्डचे पंखे थांबतात, दोन मिनिटांनी सुरू होतात, पुन्हा थांबतात. रेकॉर्डिंगमध्ये नेमका तोच आवाज पकडला जातो.

प्रतिसाद १

कार्ड थोडं तापलं की पंखे सुरू, थंड झालं की बंद, आणि तुमचं तापमान बरोबर त्या सीमेवर घुटमळतंय. आफ्टरबर्नर या ग्राफिक्स कार्डच्या सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये, रेंडर नसताना पंख्यांचा वेग सतत ३० टक्क्यांच्या आसपास राहील असा वक्र (तापमानानुसार वेग ठरवणारा आलेख) बनवा. एकसारखी बारीक घरघर असेल तर ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममधल्या नॉइज रिडक्शनने ती निघते, कारण तिचा नमुना घेता येतो. मध्येच सुरू-बंद होणारा आवाज तसा काढता येत नाही. रेंडरच्या वेळी मात्र वेग वाढू द्या, तिथे हात आखडू नका.

धागाकर्ती

३२ टक्क्यांवर लावलाय. पाच मिनिटं नुसती शांतता रेकॉर्ड करून ऐकली, एकसारखी आहे. आज रात्री अख्खी गोष्ट वाचून बघते.